वसाहती मोजताना

चौदाव्या दिवशी बशी बाहेर काढायची.
तोवर इन्क्युबेटरचं दार
कामाशिवाय कुणी उघडायचं नाही.
या गावात हिवाळ्यात घरोघरी हाच नियम.

नरमंदाख सूक्ष्मदर्शकावर वाकते.
बाहेर उलानबातर, उणे एकतीस,
दुपारीच दिवे लागलेले.
धूर वर जात नाही;
डोंगरांच्या वाटीत सायीसारखा धरतो,
आणि आपण सगळे सायीखाली.

बशीत कुणाच्या तरी नाळेतलं रक्त.
त्यातल्या, अजून काहीच न झालेल्या पेशी.
तिच्या भाषेत उउदेल एस, उगमाची पेशी.
माझ्या भाषेत काय, तिनं विचारलं.
मूलपेशी, मी म्हटलं. मूल म्हणजे मूळ.
पण खरं सांगते,
मला त्यात नेहमी मूलच ऐकू येतं:
मोठेपणी कोण होणार विचारलं
की खांदे उडवून
खेळायला पळणारं.

तिच्या डाव्या हातात मोजायचं यंत्र.
टक. टक.
एका पेशीपासून वाढलेला घोस म्हणजे एक वसाहत.
पन्नासांच्या आत थांबला
तर वसाहत म्हणायचं नाही.
असे खूप आहेत आज.
तीस पेशींवर, बावीसवर, अकरावर
बसून राहिलेले,
जसं कुणी जिना चढताना
मधल्याच पायरीवर दम खातं.

टक.
मग बराच वेळ नाही.

नळीवर नाव नसतं. आकडा असतो,
जन्मतारीख, आणि आईच्या वस्तीचा नंबर.
नरमंदाख तो नंबर वाचते.
चष्मा काढते. पुन्हा वाचते.
एकोणीस डिसेंबर, पहाटे,
चिंगेलतेईच्या उतारावरची, तिच्याच गल्लीतली.
त्या रात्री गाडी चढेना
म्हणून कुंपणावरून हाक मारून
तिनंच बाटसुखला उठवलं होतं.

"ब्याम्बात्सेरेन," ती म्हणते. नियम मोडून.
"तिच्या धुराड्याचा धूर माझ्या अंगणात,
माझा तिच्या.
आम्ही हसायचो, हिशोब फिटला म्हणून."

तिसऱ्यांदा मोजते. आकडा तोच.
कारणाच्या रकान्यात आम्ही काही लिहीत नाही.
एका बशीवरून कारण सांगू नये,
हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं,
तीन महिन्यांची पाहुणी मी, मोठ्या तोऱ्यात.
कण बारीक असतो, फुप्फुसातून रक्तात उतरतो,
पुढे कुठवर, ते शोधायलाच तर बसलोय.
तरी तिनं विचारलंच,
"बाळ कसं आहे?"
मला. जणू बशीतून मला दिसतंय.
बाळ चांगलं आहे, तीच म्हणाली मग,
परवा पाहिलं मी, गुबगुबीत,
बोट धरतं घट्ट.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर टेकडी चढते.
मास्कवर श्वासाचा बर्फ.
इथून ती खालची प्रयोगशाळा दिसत नाही,
शेजारचा तंबूही दिसत नाही,
नुसती धुराडी, वाफेत उभी,
आणि एकेका धुराड्याखाली एकेक घोस
माणसांचा: चार, सहा, तीन.
कुणी मोजलं तर वसाहत.

दुकानाशी ती कोळशाच्या विटांची
दोन पोती घेते.
एक स्वतःला, खुलान शाळेतून आली असेल.
दुसरं मी ओढते, बर्फावरून, दोरीनं,
हातमोज्यातही बोटं बधिर.

ब्याम्बात्सेरेनच्या दाराशी
नरमंदाख क्षणभर थांबते.
पोत्याकडे बघते, माझ्याकडे बघत नाही.
आत बाळ शिंकतं.

"दार लवकर लाव गं," आतून आवाज येतो,
"थंडी येतेय."

ती वाकून आत जाते.
चुलीचं झाकण उचलल्याचा आवाज,
मग विटा, एक, दोन,
ती मोजतेय की काय कोण जाणे.